कापसाच्या तिकाटीवर खंड्या

घाटंजीच्या बाजारात आमच्या यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेत शिकवायला ते कधी गेले नव्हते. फोटो काढायचे. बाजाराच्या रस्त्यावर एक खोली, खोलीत एक पडदा, पडद्यावर रंगवलेला महाल आणि महालापुढे दोन हंस, समोर एक खुर्ची, आणि आमचे हे. आठवडी बाजाराच्या दिवशी लोक बैलबंड्या सोडून आधी मीठमिरची घेत आणि मग तोंड धुऊन फोटोला येत. फोटो म्हणजे तेव्हा आयुष्यात एकदोनदा काढायची वस्तू. त्यामुळे माणसं अशी ताठ बसायची की खुर्चीनं लाजावं. आणि आमचे हे दिवसभर एकच वाक्य म्हणायचे, "हालू नका." नवरा-नवरीला तेच, म्हाताऱ्यांना तेच. कोणी वारलं आणि शेवटचा फोटो काढायला बोलावलं तर तिथंही सवयीनं तोंडातून गेलं होतं एकदा. लोकांनी ते मनावर घेतलं नाही, पण घरी आल्यावर मी दोन दिवस हसत होते.

ही साठ सालानंतरची, दोन-तीन वर्षांच्या आतली गोष्ट. मोठी मुलगी नुकती बसायला लागली होती, म्हणून मला वेळ पक्का आठवतो. त्या वर्षी पावसाळ्यात यांना मोतीझिऱ्याचा ताप आला. महिनाभर अंथरुणात. ताप गेला, जेवण सुरू झालं, पण उजवा हात थरथरायला लागला तो लागलाच. चहा दिला की बशी वाजायची. मी बशी देणंच बंद केलं, नुसता कप द्यायची, तर ते म्हणाले, "बशी कोठी गेली वो? फुटली काय?" मी म्हटलं, "हो, फुटली." त्यांना कळलं असणार. पुढं त्यांनीही बशी मागितली नाही.

बाजारात मात्र अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. खोलीतला मोठा कॅमेरा स्टँडवर असायचा, त्याला हात लावायचं काम थोडं, तरी लोक बोलायला लागले की मास्तरचा हात हालते, फोटू हालंन. यांचे थोरले भाऊ महागावला शेती करत. त्यांचं पत्र आलं की दुकान बंद करून इकडे ये, कापूस बघ. यांनी पत्र वाचून घडी केली आणि खिशात ठेवलं. फाडलं नाही. मला त्याचीच भीती वाटली.

डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं होतं, तर हे वाघाडी नदीच्या काठाने डोहापर्यंत जायचे. तिथं यांना तो खंड्या भेटला. निळा नव्हे, निळा सगळ्यांनी पाहिलेला असतो. हा काळा-पांढरा, जसा कोणी कोळशानं ठिपके दिलेत. त्याची खोड अशी की तो डोहावर हवेत एका जागी उभा राहतो. पंख मारत असतो जोरजोरात, पण पुढं जात नाही, मागं जात नाही. खाली मासा दिसला की दगडासारखा पडतो. एके दिवशी हे घरी आले, अंगणातच उभे राहिले आणि म्हणाले, "अवो, तो हालते बी अन् हालत बी नाही."

"कोण?"

"पाखरू."

मग जेवताना त्यांनी मला खरं सांगितलं. म्हणाले, जन्मभर मी थांबलेल्याचे फोटो काढले. हा एक हालणारा जर या हातानं काढता आला, तर मी भाऊला नाही म्हणून कळवतो. नाही आला तर पडदा गुंडाळून महागावला जाऊ. मी भाकरी वाढत होते. माझं माहेर घाटंजीजवळच, मला महागावला जायचं नव्हतं, हे काही मी लपवत नाही. पण त्याहीपेक्षा ते हंसांचा पडदा गुंडाळताना मला बघवलं नसतं.

आता पाखराचा फोटो काढायचा तर आमचा मोठा कॅमेरा काय कामाचा. त्यासाठी लांब भिंग लागतं. ते होतं जंगलखात्याच्या साहेबांकडे. हे साहेब बाहेरगावचे, अबोल, रोल धुवायला आमच्याकडे यायचे. त्यांच्याकडे एक छोटा कॅमेरा आणि त्याला लावायचं हातभर लांब भिंग होतं, चांगलं दोन-अडीच शेर वजनाचं. आम्ही सगळेच काचेला भिंग आणि त्या लांब नळीलाही भिंगच म्हणायचो. साहेबांनी स्वतः तीन हिवाळे त्या खंड्यामागे घालवून हात टेकले होते. त्यातच त्यांची बदली झाली. संक्रांतीनंतरच्या बाजाराच्या दिवशी निघणार होते. यांनी मनातलं सांगितलं तसं साहेबांनी कॅमेरा, भिंग आणि रोलचा एक तुकडा असं सगळं आमच्या घरी आणून ठेवलं. "तुकड्यात अठरा फोटो आहेत," म्हणाले, "फोटो नाही निघाला तरी चालेल, भिंग तेवढं सांभाळा. निघताना घेऊन जातो."

पहिल्याच दिवशी घोटाळा. आमच्या स्टँडवर ते भिंग चढवलं आणि स्टँडनं मान टाकली. स्टँड बिचारा हलका, त्याला नवरा-नवरीची सवय. भिंगाचं तोंड जमिनीकडे. पेच आवळला तर भिंग हलेना, सैल केला तर धाडकन खाली. आणि पाखरू तर कधी उजवीकडे, कधी वर. हातात धरावं तर हात तसा.

दिवस कापसाचे होते. तुम्ही ते पाहिलं असेल, नसेल तर सांगते. वेचलेला कापूस मोजायला खळ्यात तीन जाड लाकडं वर एकत्र बांधून उभी करतात, तिला तिकाटी म्हणायचं. मधोमध काटा टांगायचा. मण-मण कापसाचे बोचके टांगले तरी तिकाटी जागची हलत नाही. यांनी ती बघितली आणि थेट सुतारबुवांकडे गेले.

सुतारबुवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. वयानं सासऱ्यांच्या जागी. बंड्या, तिफणी, पाळणे सगळं करत, पण त्यांचा अभिमान म्हणजे तराजूची दांडी. पंचक्रोशीत म्हणायचे, सुतारबुवाचा काटा सोडला का सरळ. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं, भिंग हातात घेऊन तोललं, जसं बाया भोपळा तोलतात, आणि म्हणाले, "मास्तर, पाखराचा फोटू काढाले एवढा खटाटोप? पाखरालेच बोलवा ना दुकानात. हंसाशेजारी बसवा."

"तो बसत नाही, बुवा. तोच तं वांधा हाये."

आठ दिवसांत बुवांनी तिकाटी केली. सागाचे तीन पाय, मनगटाएवढे जाड, खाली लोखंडी टोकं. मधे एक आकडा, त्याला दगडांची पिशवी टांगायची म्हणजे वाऱ्यानंही हलणार नाही. वर जात्याला असते तशी खीळ, तिच्यावर एक लाकडी बेचकं गोल फिरायचं. आणि बेचक्याच्या दोन टोकांमधे दोन खिळ्यांवर झुलणारी छोटी डोली, तिच्यात भिंग ठेवायचं. बाजूला फिरवा तर जातं, वर-खाली करा तर पाळणा. एरंडेल घातलेलं, आवाज म्हणून नाही. मी हात लावून पाहिला, इतकं हलकं फिरलं की मला वाटलं आता झालं काम.

वजन मात्र विचारू नका. हे तिकाटी खांद्यावर, मी कडेवर मुलगी आणि हातात भिंगाचं गाठोडं, अशी आमची वरात सकाळी नदीकडे निघाली. रस्त्यात कोणीतरी विचारलंच, "मास्तर, कोणाचा कापूस मोजाले चालले?"

"पाखरं मोजून राह्यलो यंदा," हे म्हणाले.

"मग सूनबाई काहून सोबत?"

"हिशेब तिच्याकडं हाये."

बाभळीच्या आडोशाला घोंगडी बांधून आम्ही बसलो. खंड्या आला. डोहावर हवेत उभा राहिला. यांनी भिंगाचं तोंड वर केलं, डोळा लावला, आणि मी बघते तर भिंग आपलं हळूहळू खाली. पुन्हा वर केलं, पुन्हा खाली. जोर लावून धरलं की हात थरथरणार, हात सैल केला की डोली आपली सरळ. असं तासभर चाललं. यांना घाम, थंडीत. बारा फोटो गेले.

घरी येऊन यांनी अंधाऱ्या खोलीत रोलचा तेवढा भाग कापला आणि धुतला. दुपारी दोरीवर वाळत घातला. बाराही फोटोंत डोहाचा पलीकडचा काठ. तोच दगड, तेच गवत, बारा वेळा. एकात कोपऱ्यात पंखाचं टोक. यांनी खिशातलं पत्र काढलं, वाचलं, परत ठेवलं.

सुतारबुवा निकाल बघायला आलेच. रोल उजेडाला धरून एकेक फोटो त्यांनी निरखला आणि समाधानानं मान हलवली. "पाहा, एक तरी झुकला काय? सगळे सरळ."

"बुवा, पाखरू वर होतं."

"मंग पाखरानं खाली याचं. काटा सरळ हाये."

त्यांची चूक कोणाला सापडत नव्हती, कारण ती चूकच दिसत नव्हती. डोली इतकी सुरेख झुलायची. मी तरी काय, लिहायला-वाचायला मी स्वतःच शिकले, तेही पुढं मुलींच्या पाटीवरून, यंत्राची अक्कल मला कुठून असणार. पण पाळण्याची होती.

आमच्या मुलीचा पाळणाही बुवांच्याच हातचा. दोन खांब, मधे दोन खिळ्यांवर झुलणारा लाकडी पाळणा. ती तान्ही होती तेव्हा पाळण्याला झोका दिला की दोन-चार फेऱ्या मारून तो आपला मध्यावर येऊन थांबे. मग ती बसायला लागली. आता ती ज्या बाजूला रेलेल त्या बाजूला पाळणा तसाच रेललेला राहायचा, आळशासारखा. त्या संध्याकाळी मी भाजी निवडत होते, आणि ती पाळण्याची कड धरून उभी राहिली. पहिल्यांदाच. पाळणा एकदम कलंडला. मी भाजी टाकून तिला झेललं. ती हसत होती. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय पडलं वो?"

"काही नाही, मेथी," मी म्हटलं.

तिला कडेवर घेऊन मी पाळण्याकडे बघत राहिले. रिकामा पाळणा हलवला, तो सरळ झाला. आणि माझ्या डोक्यात आलं ते मी आधी मनात तीनदा म्हणून पाहिलं, मग यांना सांगितलं. "अहो, तुमचं भिंग डोलीत निजलंय. त्याला बसवा."

"म्हणजे?"

"निजलेलं लेकरू असलं की पाळणा मध्यावर येतो. बसलं की जिथं ठेवावा तिथं राहतो. उभं राहिलं की कलंडतो. भिंग पार तळाला निजलंय, म्हणून डोली सरळ होते. त्याला खालून उचला थोडं."

यांनी पाळणा हलवून पाहिला. मग म्हणाले, "गोधडी आण."

जुन्या गोधडीच्या घड्या करून आम्ही भिंगाखाली घालायला लागलो. एक घडी घातली, भिंग वर केलं, ते परत आलं, पण सावकाश. दुसरी घातली, आणखी सावकाश. चौथीला तर भिंग मुलीसारखंच कलंडलं, यांनी पकडलं. मग चौथी काढून तीन ठेवल्या, भिंग वर केलं आणि हात काढला. ते तिथंच राहिलं. खाली केलं, तिथंच. एका बोटानं ढकललं तर जाई, बोट काढलं की थांबे. यांनी तेच दहा-वीसदा केलं. बोट थरथरत होतं, पण भिंगाला ते जणू कळत नव्हतं. एवढा मोठा सागाचा पसारा, त्यापुढं बोटाची थरथर ती काय. मला म्हणाले, "अवो, याले धरावंच लागत नाही." आणि बशी मागितली. मी म्हटलं, चहा तरी होऊ द्या.

पण गोधडीवर भिंग घसरत होतं. लाकडाचा ठोकळा हवा होता, बरोबर तेवढ्याच उंचीचा. म्हणजे पुन्हा बुवा. बुवांनी गोधडीवरचं भिंग हलवून पाहिलं, सोडून दिलं, ते वाकडं राहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला जसं घरात कोणी खोटं बोलताना सापडलंय.

"हे तं लबाड झालं. सोडलं तं सरळ होत नाही."

"तसंच पाहिजे, बुवा," मी म्हटलं.

"तुले काय कळते, सूनबाई? असा काटा बाजारात नेला तं लोक मले झोडपतीन. माह्या बापानं असा काटा केला नाही."

"ह्याच्यावर कापूस नाही मोजायचा. पाखरू मोजायचं. ते थोडंच भाव विचारते?"

बुवा बराच वेळ मुलीचा पाळणा झुलवत बसले. शेवटी म्हणाले, ठोकळा करून देतो, पण एक अट. हे माझ्या हातचं आहे म्हणून कोणाला सांगायचं नाही. विचारलं तर म्हणायचं यवतमाळहून आणलं. आम्ही कबूल केलं. त्यांनी शिसमाचा ठोकळा केला, आणि काय सांगू, गोधडीच्या तीन घड्यांशी तो केसाचाही फरक न पडता जुळला. लबाडीसुद्धा ते बिनचूक करत.

दोन दिवस ढगाळ गेले. तिसऱ्या दिवशी बाजार, साहेब त्याच दुपारी निघणार. सकाळी ऊन पडलं तसे आम्ही निघालो. रोलात सहा फोटो. यांच्या खिशात पत्र होतं, मला खिशाच्या आकारावरून कळत होतं.

खंड्यानं वाट पाहायला लावली. मुलगी कंटाळून घोंगडीच्या दशा चघळत होती. मग तो आला, चिरक-चिरक ओरडत, आणि डोहाच्या मधोमध उभा राहिला. यांचं एक बोट भिंगाला लागलं. भिंग पाखराकडे गेलं आणि थांबलं. खटका वाजला. पाखरू थोडं सरकलं, भिंगही सरकलं, जसं दोघांचं आधीच ठरलेलं. पुन्हा खटका. तेवढ्यात मुलगी पाखराकडे हात करून मोठ्यानं ओरडली, यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं, मी तिच्या तोंडात दशाच कोंबली. पाखरू उडालं नाही. त्याला पोटाची पडली होती. ते पडलं, मासा घेऊन वर आलं. सहाही फोटो झाले. यांनी भिंगावरून बोट काढलं. भिंग पाण्याकडे बघत तसंच राहिलं.

परत येताना कोणी विचारलं नाही की कापूस कोणाचा, किंवा विचारलं असेल तर आम्हाला ऐकू आलं नाही.

रोल धुतला. अंधाऱ्या खोलीच्या दाराशी मी बसले, माझ्याशेजारी बुवा, बिडी न पेटवता. आम्ही आतल्या पाण्याचा आवाज ऐकत होतो. तेवढ्यात साहेब भिंग न्यायला आले, तेही उभे राहिले. दार उघडलं. ओला रोल घेऊन हे बाहेर आले आणि उजेडाला धरला. चार फोटो वाया गेले होते. एकात फक्त शेपटी होती. आणि एकात खंड्या पूर्ण. पंखांच्या जागी नुसता धूर, इतके ते हललेले. पण डोकं ठाम, चोच खाली, डोळा मोहरीएवढा आणि लख्ख.

साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. मग भिंग काढायला तिकाटीजवळ गेले, डोली हलवली, सोडली. पुन्हा हलवली. "हे कुठून आणलं?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी कबूल केल्याप्रमाणं सांगितलं, "यवतमाळहून."

"यवतमाळात कोण करतं हे? मला जाताना एक हवं होतं."

तशी बुवांनी बिडी कानामागे खोचली. "यवतमाळले कोणाच्या बापाले जमते हे? म्या केलं." आणि साहेबांचं काही म्हणणं व्हायच्या आत पुढं म्हणाले, "अन् साहेब, हे सरळ होत नाही ते पाहून घ्या. होऊच द्याचं नाही. त्याच्यात तं कसब हाये."

भिंग साहेबांबरोबर गेलं. फोटोची एक प्रत त्यांनी नेली, एक आम्ही मोठी करून हंसांच्या पडद्याशेजारी टांगली. महागावचं पत्र यांनी खिशातून काढलं आणि उलट बाजूला उत्तर लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं, पण मजकूर दोनच ओळींचा होता. हात पुढंही थरथरत राहिला. पण आता बुवांनी दुकानातल्या कॅमेऱ्यालाही जाड पायांचा स्टँड करून दिला होता, आणि बशी वाजली तरी हे हसून म्हणायचे, चहा आला वाटतं.

पुढच्या बाजाराला एक म्हातारी फोटोला आली. नाकात मोठी नथ, डोक्यावर नव्या लुगड्याचा पदर घट्ट ओढलेला. खुर्चीत बसली, आणि यांनी नेहमीप्रमाणं म्हटलं, "आजी, हालू नका."

म्हातारीनं भिंतीवरचा खंड्या पाहून घेतला होता. म्हणाली, "मास्तर, आमाले हालू नका म्हणता. अन् ह्याचे पंख सारे हालले, तं त्याले भिंतीवर टांगता. हे कोणतं काम?"

हे कॅमेऱ्यामागून बाहेर आले. भिंतीवरच्या खंड्याकडे एकदा पाहिलं. "बरोबर हाये तुमचं," म्हणाले. "तोंड स्थिर ठेवा, बाकी हाला."

म्हातारीला हसू आलं, ते तिच्यानं आवरेना. त्याच क्षणी यांनी खटका दाबला. दोन दात असलेली ती म्हातारी आमच्या दुकानातली पहिली हसणारी बाई. तिचा फोटो खंड्याच्या खाली लागला आणि त्यानंतर बाजाराच्या दिवशी लोक यायचे ते विचारतच यायचे, "मास्तर, आज हालाचं का नाही?"